आणखी एक पीळ नको

जलतरण तलावाच्या पंपापाशी प्लास्टिकचा आट्यांचा जोड ठिबकू लागला की पहिला हात पान्याकडे जातो. जोड सैल झाला, तो आवळायचा, हा हिशेब आपण लोखंडी नळांवर शिकलो. पीव्हीसीवर तो बहुधा उलटतो, कारण तिथली गळती जोर कमी पडल्यापेक्षा जास्त पडल्यानेच अधिक वेळा सुरू होते.

आटे कितीही घट्ट बसले तरी त्यांच्या माथ्या-पायथ्यांत एक बारीक नागमोडी वाट उरते आणि पाणी तिच्यातून गोल गोल फिरत बाहेर येतं. ती बुजवायचं काम टेफलॉन टेपचं आहे, पान्याचं नाही. आपल्याकडे रूढ असलेल्या बीएसपी मापाच्या दीड इंची जोडात इंचाला 11 आटे असतात आणि बाहेरच्या आट्यांचा निमुळतेपणा 16 ला 1. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोड सुमारे 2.3 मिलिमीटर आत जातो आणि पाचरीसारखा आतल्या आट्यांच्या तुकड्याला 0.14 मिलिमीटरने फाकवू पाहतो. लोखंड हे सोसतं. प्लास्टिकला हळूच चीर जाते, कधी त्याच दिवशी, कधी काही महिन्यांनी. त्यातून टेप निसरडी, त्यामुळे किती जोर लागला याचा हाताला अंदाजच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, आवळल्यावर ठिबकणं थांबतं की! थांबतं खरं, मुळात जोड नुसता हातानेच फिरवलेला असेल तर तेवढंच पुरेसंही असतं. पण एकदा आवळून पुन्हा गळू लागलेला जोड वेगळीच गोष्ट सांगत असतो. पंप कोरडा चालला की आत अडकलेलं पाणी तापतं, पीव्हीसी मऊ पडतं आणि त्याचे आटे आक्रसतात. किंवा पंप अमेरिकी बनावटीचा असतो: त्या एनपीटी मापात दीड इंचाला साडेअकरा आटे, म्हणून आपला जोड काही फेरे जाऊन अडतो आणि घट्ट बसल्याचा भास होतो. पंपाच्या ओढीच्या बाजूला तर थेंबही दिसत नाही. तिथून हवा आत शिरते आणि गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात.

दुसरा आक्षेप असा जोड बदलण्याच्या खर्चाचा. चिकटवलेला पाइप फिरत नाही, म्हणजे तो कापणं आलं. म्हणूनच वरून इपॉक्सीची लुगदी थापायचा मोह होतो. पण दाबाखालचं पाणी लुगदीच्या कडेने वाट काढतंच. मोटर बंद करून, व्हॉल्व्ह मिटवून, फिल्टरचा दाब सोडून पाइप कापावा. जुनी टेप खरवडून काढावी, पंपाचे आटे शाबूत आहेत का ते पाहावं. नव्या जोडाच्या तोंडाकडे पाहत घड्याळाच्या दिशेने टेपचे तीन-चार वेढे द्यावेत, जोड हाताने बसेल तितका बसवावा आणि पान्याने फार तर एक-दोन फेरे. दिशा जुळवायला तो मागे फिरवू नये. फिरवलाच तर टेप नव्याने. सफेदा किंवा प्लास्टिकसाठी न बनवलेली पेस्ट वापरू नये, तिच्यातली द्रव्यं पीव्हीसीला बाधू शकतात.

आणि पाइप कापलाच आहे, तर तिथे युनियन, म्हणजे नट सोडून उघडता येणारा जोड, बसवावी. पुढच्या वेळी करवत लागणार नाही. युनियनमध्ये पाणी अडवते ती रबरी रिंग, म्हणून युनियनच्या नटावर टेप नको. रिंगेला सिलिकॉन ग्रीस, आणि नट नुसत्या हाताने.