शहरी परसांतील बदकें व त्यांचें सांडपाणी

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची जमीन गांवीं असते व बिऱ्हाड तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं असतें. मुलांच्या शिक्षणाकरितां म्हणा, नोकरी-व्यापाराकरितां म्हणा, घर शहरांत बांधलें तरी जनावरांची संवय सुटत नाहीं. गाय-म्हैस तेथें ठेवतां येत नाहीं. कोंबड्या ठेवाव्या तर त्या उकरून उकरून बाग शिल्लक ठेवीत नाहींत. मग घराभोंवतीं गुंठा-दोन गुंठे मोकळी जागा असली कीं बदकांचा विचार मनांत येतो. बदक उकरीत नाहीं, पावसाला भीत नाहीं, आणि मुलांच्या हातीं लवकर माणसाळतें. हे गुण खरे आहेत. तथापि शहरांत हौसेनें आणलेलीं बदकें वर्षाच्या आंत कोणास तरी देऊन टाकावीं लागतात, किंवा रात्रीं गुपचूप एखाद्या तळ्यांत सोडलीं जातात, असें वारंवार घडतें. आणि त्याचें कारण बहुतेक वेळां एकच असतें. बदकांस पाणी किती द्यावें याची चौकशी सर्वजण करितात. दिलेलें पाणी पुढें जाणार कोठें याचा विचार कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करणार आहों.

बदकाला तळें लागतेंच ही समजूत बरोबर नाहीं. तसेंच पिण्यापुरतें पाणी ठेवलें कीं भागतें, हेंही खरें नाहीं. बदक आपली चोच, नाकपुड्या व डोळे पाण्यांत बुडवून धूत असतें. डोकें पुरतें बुडेल इतकें खोल पाणी न मिळाल्यास नाकपुड्यांत अन्नाचा चिकटा बसतो, डोळ्यांच्या कडा चिकटूं लागतात व पुढें डोळे बिघडतात. शिवाय शेपटीच्या बुडाशीं असलेल्या ग्रंथींतील तेल चोचीनें पिसांस लावण्याचें काम तें अंग धुतल्यावरच नीट करितें. तें न झाल्यास पिसें राठ होतात व पाणी आंत मुरूं लागतें. सबब दोन-तीन बदकांस दोन फूट व्यासाचा व नऊ इंच भरलेला असा एक टब तरी हवाच. अशा टबांत सुमारें ६५ लिटर पाणी मावतें.

आतां हें पक्षी त्या पाण्याचें काय करितात तें पहावें. बदक घांसागणिक पाणी पितें, चोचींतलें अन्न त्यांतच धुतें, पायांचा चिखल त्यांतच सोडतें आणि विष्ठाही त्यांतच टाकतें. सकाळीं भरलेला टब दुपारीं गढूळ होतो व दुसऱ्या दिवशीं वास मारूं लागतो. म्हणून तो रोज रिकामा केला पाहिजे. रोजचे ६५ लिटर म्हणजे महिन्याकांठीं सुमारें दोन हजार लिटर खताचें पाणी झालें. शहरांतले लोक तें मोरींत किंवा गटारांत ओततात. पिसें व गाळ यांनीं गटार तुंबतें आणि शेजाऱ्यांशीं वितुष्ट येतें. ज्यानें जन्मभर उकिरडा राखला, त्या शेतकऱ्याला तर हें ओतणें पाहवणारही नाहीं.

या बाबतींत शेतकऱ्याजवळ एक कसोटी आहे, ती शहरांतल्या माळ्यापाशीं क्वचितच असते. ज्या जागीं आज टब ओतला, ती जागा पुन्हां पाणी पडण्यापूर्वीं वाफशावर आली पाहिजे. येत असेल तर तेवढीं बदकें त्या परसाला पेलतात. येत नसेल तर पेलत नाहींत. मग टब कितीही सुंदर असो व जाळी कितीही मजबूत असो. आमची अशी सूचना आहे कीं, बदकें विकत घेण्यापूर्वीं आठ दिवस रोज ६५ लिटर पाणी ठरलेल्या जागीं ओतून पहावें, आणि ही परीक्षा श्रावणांत करावी. चैत्रांत केलेली परीक्षा फसवी असते, कारण तेव्हां कोणतीही जमीन तहानलेलीच असते.

मुरमाड जमिनींत अडचण थोडी. काळ्या भारी जमिनींत मात्र आषाढ लागला कीं मूळचेंच पाणी मुरत नाहीं. त्यांत बदकांचे पाय व चोची यांची भर पडून आठवड्यांत चिखलाचा राबडा होतो. बदक ओल्या जमिनींत चोच खुपसून भोंकें पाडीत बसतें, तो त्याचा आनंदच आहे. चिखलांत सांचलेल्या डबक्यांत मग डांसांची पैदास होते. रोज रिकाम्या होणाऱ्या टबांत ती होत नाहीं. यास्तव काळ्या जमिनीवर टबाभोंवतालची चार-पांच फूट जागा नऊ इंच खणून तींत मुरूम व वर बारीक खडी भरावी. टब विटांच्या हातभर उंच ओट्यावर बसवावा. त्याच्या तळाशीं बूच व नळी असली म्हणजे ६५ लिटर पाणी उचलावें लागत नाहीं. नळी ज्या आळ्याकडे फिरवावी तिकडे पाणी आपोआप जातें. टबांत चढण्या-उतरण्यास आंतून व बाहेरून विटांच्या पायऱ्या ठेवाव्या. बाहेर येतां न आल्यानें पोहणारा पक्षीही दमून बुडतो.

आळीं निदान चार असावींत व त्यांस पाळीपाळीनें पाणी द्यावें, म्हणजे एकेका झाडाची पाळी चौथ्या दिवशीं येते. उन्हाळ्यांत हा प्रश्नच राहत नाहीं; वाढलेला एक माड किंवा केळीचे चार खुंट हें पाणी दिवसांत पिऊन टाकतात. माड, केळ, पेरू व चिकू हीं झाडें या कामास चांगलीं. पपईच्या बुडाशीं मात्र हें पाणी नेऊं नये. पाणी थोडें तुंबलें तरी पपईचें मूळ सडतें. तसेंच कोथिंबीर, मुळा, काकडी इत्यादि कच्चें खाण्याच्या भाजीवर तें कधींही घालूं नये, कारण विष्ठेंतून साल्मोनेलासारखे जंतु पोटांत जाण्याचें भय असतें.

जातीसंबंधीं थोडेंसें. मस्कव्ही सोडून पाळीव बदकांच्या सर्व जाती मॅलार्ड या एकाच रानबदकापासून झालेल्या आहेत. लहान परसास खाकी कॅम्पबेल ही जात आम्हांस सर्वांत सोईची वाटते. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यांत अॅडेल कॅम्पबेल नांवाच्या बाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली. पक्षी हलका असून फारसा उडत नाहीं, अडीच फुटांचें कुंपण त्यास पुरतें. तिचें रक्त ज्या इंडियन रनर जातीपासून आलें, ती नांवानें हिंदी असली तरी मूळची जावा, बाली या बाजूच्या बेटांची आहे. पांढरें पेकिन दिसण्यांत देखणें. पण अंगानें जड असल्यामुळें त्याचे पाय लवकर दुखावतात. मस्कव्ही शांत खरें, परंतु भिंतीवरून सहज उडून जातें. बाजारांत कोणी हळदीकुंकू बदक किंवा अडई विकावयास आणल्यास घेऊं नये. हे रानपक्षी आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें ते पाळणें गुन्हा आहे.

मादी मोठ्यानें ओरडते व नराचा आवाज घोगरा आणि हलका असतो, ही गोष्ट पुष्कळांस उलटी वाटते. अंड्यांकरितां नराची गरज नाहीं. दोन-तीन माद्यांत एक नर ठेवल्यास तो त्यांस उलट त्रास देतो. ज्यांस अंडीं नकोत, केवळ हौसच आहे, व शेजाऱ्याची खिडकी भिंतीपलीकडेच आहे, त्यांनीं दोन नर ठेवावे. मादी जवळ नसल्यास ते बहुधा गुण्यागोविंदानें राहतात. मोठ्या नराची खूण म्हणजे शेपटीवरचें वळलेलें पीस होय.

एकटें पिलूं आणणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. अंड्यांतून निघाल्यावर प्रथम जें चालतें-बोलतें दिसेल त्यालाच पिलूं आई समजतें. ही गोष्ट कॉनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें विस्तारानें अभ्यासिली, व त्यास १९७३ चें नोबेल पारितोषिक दोघां सहकाऱ्यांसह मिळालें. मुलाच्या मागें धांवणारें पिलूं पाहून घरच्यांस कौतुक वाटतें. पण मूल शाळेंत गेलें कीं तें पिलूं दिवसभर रडत राहतें. दोन आणावींत किंवा एकही आणूं नये. आईविना वाढणाऱ्या पिलांच्या अंगीं तेल नसतें. तीं पाण्यांत सोडल्यास भिजून गारठतात व मरतात. पिसें फुटेपर्यंत पसरट भांड्यांत खडे घालून पिण्यापुरतेंच पाणी द्यावें, आणि पहिले कांहीं आठवडे दिव्याची ऊब ठेवावी.

कोंबडीच्या पिलांच्या खाद्यावर बदकाचें पिलूं वाढतें खरें, परंतु त्यास नायासिन हें जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलाहून अधिक लागतें. तें कमी पडल्यास पाय वांकडे होतात व पिलूं बसूनच राहतें. खाद्यांत थोडें ब्रूअर्स यीस्ट मिसळल्यानें हा दोष टळतो. मोठ्या बदकास दिवसाला सुमारें दीडशें ग्रॅम खाद्य पुरतें. कणी, ज्वारीचा भरडा व कोंडा ओलसर करून, अंड्यांवरील माद्यांस शिंपल्यांचा चुरा घालून द्यावें. पाव टाकण्याची शहरांत मोठी चाल आहे. त्यानें पोट भरतें पण पोषण होत नाहीं.

भुईमुगाच्या पेंडीविषयीं मात्र विस्तारानें सांगणें जरूर आहे, कारण ती आपल्या घरींच असते आणि चार मुठी सहज टाकल्या जातात. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. बदकांचीं पिलेंही दगावलीं. शोधाअंतीं ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर दोष आला. पेंडीस आलेल्या बुरशीनें एक विष निर्माण केलें होतें, तेंच पुढें अफ्लाटॉक्सिन या नांवानें प्रसिद्ध झालें. या विषाची बाधा बदकाच्या पिलास इतकी चटकन होते कीं, खाद्यांत तें आहे कीं नाहीं हें ठरविण्यास त्या काळीं प्रयोगशाळेंत एक दिवसाचीं बदकाचीं पिलेंच वापरीत. हें विष डोळ्यांस दिसत नाहीं व शिजविल्यानें पुरतें जातही नाहीं. जी पेंड किंवा मका दमट खोलींत एक पावसाळा राहिला, तो गुरांपुढें टाकतांनाही विचार करावा. बदकांपुढें तर मुळींच टाकूं नये.

रात्रीचें घर दर पक्ष्यास चार चौरस फूट याप्रमाणें पुरतें. वारा वरच्या अंगानें खेळावा, खालीं कोरडा भुसा असावा. कोंबड्यांची षट्कोनी पातळ जाळी कुत्रा फाडतो आणि मुंगूस तींतून शिरतें. अर्ध्या इंचाची जाड चौकोनी जाळी एकदांच घ्यावी. बदकें पहांटे अंडें घालतात, म्हणून त्यांस आठ-नऊ वाजण्यापूर्वीं बाहेर सोडूं नये. नाहींतर अंडीं झुडपांतून शोधावीं लागतात. पकडतांना पाय धरूं नयेत, ते नाजूक असतात. दोन्ही पंखांवरून अंगास धरावें.

खाकी कॅम्पबेल पांच-सहा महिन्यांनीं अंड्यावर येते. उत्तम व्यवस्थेंत वर्षास तीनशेंपर्यंत अंडीं मिळतात. घरच्या परसांत दोनशें मिळालीं तरी समाधान मानावें. अंडें पूर्ण शिजवूनच खावें. बदकांच्या प्लेगाची लस पशुवैद्यास विचारून टोंचून घ्यावी. २००६ सालीं फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील पक्ष्यांत बर्ड फ्लू प्रथम आढळला, हें वाचकांस आठवतच असेल. बदक हा रोग लक्षणें न दाखवितांही बाळगूं शकतें. जवळपास कोंबड्या अचानक मरूं लागल्यास बदकें कोंडून ठेवावींत व पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें. नगरपालिकेचे व वसाहतीचे नियम आधींच पाहून ठेवावे, हें सांगावयास नकोच.

बदक आठ-दहा वर्षें जगतें. भरपूर अंडीं मात्र पहिलीं दोन-तीन वर्षेंच देतें. पुढें काय करावयाचें हें आणतांनाच ठरविलेलें बरें. तळ्यांत सोडणें हा मार्ग नव्हे. रोज हातानें भरविलेला पक्षी तेथें उपाशी मरतो किंवा कुत्र्यांच्या तोंडीं पडतो, व जगला तर रानबदकांत मिसळून त्यांची जात बिघडवितो. आमच्या वाचकांस गांवची जमीन आहे. विहिरीजवळ हौद व रात्रीं बंद खोली असल्यास तेथें तीं सुखानें राहतील.

गांवीं नेलेल्या बदकांकडून गोगलगायी वेंचून घेण्याची आशा कित्येक जण धरितात. दक्षिण आफ्रिकेंत स्टेलनबॉशजवळच्या फर्गेन्यूग्ड या द्राक्षमळ्यांत हजाराहून अधिक रनर बदकें याच कामास हांकतात. परंतु २०२२ च्या खरिपांत लातूर व बीड जिल्ह्यांत सोयाबीनवर जी शंखी गोगलगाय तुटून पडली, तिचीं अंडीं व लहान पिलें बदक खाईल. मुठीएवढा शंख त्याच्या गळ्याखालीं उतरणार नाहीं, आणि तीन बदकें पांच एकरांस काय पुरणार? बागेपुरता मात्र उपयोग निश्चित होतो. एवढें लक्षांत ठेवावें कीं, गोगलगायींसाठीं मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकलेल्या असतील त्या शेतांत किंवा बागेंत बदकें सोडूं नयेत. गोळी त्यांस दाण्यासारखी दिसते व तीं ती खातात. शेजाऱ्यानें बांधापलीकडे गोळ्या टाकल्या असतील तर त्याही, म्हणून त्यास आधीं विचारून घ्यावें.