दोरीवर मावेल तेवढंच

मशीन लावलं की धुणं झालं, असं बटण दाबणाऱ्याला वाटतं. बटण दाबायला अर्धं मिनिटही लागत नाही. पुढचा तासभर मशीन आपलं आपण घुमत राहतं. मग ओल्या कपड्यांचा पिळदार गोळा बादलीत येतो आणि तिथून काम सुरू होतं. ते सोडवायचे, झटकायचे, वाळत घालायचे, काढायचे, घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटात पोचवायचे. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे खातं माझ्याकडे आहे. पावसाळ्यात हे खातं सांभाळणाऱ्याला लवकरच कळून चुकतं, की एका दिवसात किती धुवायचं हे मशीनच्या हातात नसतं. ते दोरीच्या हातात असतं.

मशीन सात किलोचं. बाल्कनीत छताला टांगलेल्या, दोरी ओढून खालीवर करायच्या सहा दांड्या. त्यांच्यावर मोकळे मोकळे घातले तर सात किलोचे निम्मेच कपडे मावतात. मे महिन्यात हा हिशोब करावा लागत नाही. पहिला घाणा दोन तासांत कडकडीत वाळतो, तोवर दुसरा तयार. जुलैत मात्र रविवारी आठवड्याचं सगळं धुणं एकदम काढलं, की दांड्या भरतात, मग खुर्च्यांच्या पाठी, मग दारं, मग खिडकीचे गज. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं हाताला गार लागतं आणि घरभर तो कुबट वास.

या वासाचा धनी सापडलेला आहे. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूकडे बोट दाखवलं. तो साध्या धुण्यातून तगून राहतो आणि कापड जितका वेळ ओलं, तितका वाढतो. म्हणून वास आला की सुगंधी द्रव ओतण्यात काही अर्थ नाही. वासावर वास चढतो, एवढंच. टॉवेलला तर ते द्रव लावूच नये, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो. वास धरलेले टॉवेल कधीतरी साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. एरवी उपाय एकच, कपडा लवकरात लवकर कोरडा करायचा.

म्हणजे पाणी दोरीवर जायच्या आधीच काढायचं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी एकदा टॉवेल ठेवून पाहिला. कोरडा ४०० ग्रॅम. हाताने चांगला पिळून किलोभर. मशीनमधून निघाला तो सव्वासहाशेच्या आसपास. मनगटं दुखेपर्यंत पिळूनही जे पाणी राहतं, ते मशीनचा ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेऊन काढतो. तरी कपड्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतंच. पावसाळ्यात म्हणूनच मी धुणं संपल्यावर नुसतं पिळायचं बटण आणखी एकदा दाबतो. वीज किरकोळ जाते आणि दोरीवरचे तास वाचतात. नाजूक साड्या आणि कडक कॉलरचे शर्ट तेवढे आधी बाहेर काढायचे.

पावडरचंही तेच. फेस जास्त तर कपडे स्वच्छ, ही समजूत बादलीच्या काळातली. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये फेस माजला की कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, ड्रमला वेग घेता येत नाही आणि मशीन पुन्हा पाणी भरून खळबळत बसतं. कपडे ओलेगच्च निघतात आणि आपण मशीनला नावं ठेवतो. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की गोष्ट निराळी. ते पाणी बहुधा बोअरचं, जड. त्यातल्या क्षारांशी झुंजण्यातच पावडरचा काही भाग खर्ची पडतो, म्हणून तेव्हा अर्धा चमचा वाढवावा लागतो. बादलीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजावं.

वाळत घालायचं शिक्षण मला धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींकडून मिळालं. मशीन यायच्या आधी त्या आमचं धुणं करायच्या. शर्ट दोन्ही खांद्यांवर धरून त्या असा एक झटका द्यायच्या, की फटाक्यासारखा आवाज व्हायचा आणि समोरच्या भिंतीवर पाण्याची रांगोळी उमटायची. त्या एका झटक्यात निम्मी इस्त्री होते. माझ्या झटक्याला अजून तसा आवाज येत नाही.

जीन्सचं तंत्रही त्यांचंच. जीन्स मधोमध दुमडून दांडीवर टाकली की ती दोन दिवस वाळत नाही, कारण कमरेच्या पट्टीजवळ कापडाचे चार-पाच थर असतात आणि खिशांची अस्तरं आत दडलेली असतात. जीन्स उलटी करायची, खिसे सशाच्या कानांसारखे बाहेर ओढायचे, कंबर दोन चिमट्यांनी ताणून दोन शेजारच्या दांड्यांना लावायची. मधून नळीसारखा वारा जातो. खाली पाय लोंबतात, हॉलमधून येणाऱ्याच्या डोक्याला लागतात, पण सकाळी लावलेली जीन्स रात्री घडी करता येते.

आता आमच्याकडे पावसाळ्यात रोज संध्याकाळी दांड्यांवर मावेल तेवढंच धुणं निघतं. जाड कपडे कडेला, पातळ मध्ये, दोघांत वीतभर जागा, आणि खाली रात्रभर टेबलफॅन. ओल्या कापडाभोवतीची हवा दमट होऊन तिथेच कोंडली तर पुढचं पाणी उडणार कुठे? पंख्याने ती हलते, एवढंच त्याचं काम. बारीक पाऊस असला तरी खिडकी किलकिली ठेवायची, नाहीतर पंखा तीच दमट हवा घरभर फिरवत राहतो.

सगळ्यात बाहेरची दांडी राखीव आहे, हळदीच्या डागांसाठी. वरणाचा थेंब पडलेल्या पांढऱ्या सदऱ्याला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि नवखा माणूस घाबरतो. साबणाच्या अल्कलीमुळे हळदीचा रंग बदलतो. पाण्याने खळबळला की पुन्हा पिवळा. तो घासून पूर्ण जात नाही. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, म्हणून सदरा डागाची बाजू बाहेर करून लावायचा आणि थांबायचं. उन्हात एक दुपार पुरते. ढगाळ दिवसांत तोच सदरा दोन-तीनदा त्या दांडीवर चढतो.

गोधड्यांना मात्र या सगळ्या हिशोबात जागा नाही. आईच्या जुन्या नऊवारींच्या थरांनी शिवलेली गोधडी पाणी प्यायली की मशीनचा ड्रम धडधडायला लागतो, आणि सहाही दांड्या तिला कमी पडतात. त्यांचा मुहूर्त ठरलेला आहे. नवरात्राच्या आधी दसरा काढताना, पाऊस मागे हटून ऊन पडलं की, सोसायटीच्या गच्चीवर. तोपर्यंत त्यांच्यावर चादर घालून निजायचं आणि धुवायची ती फक्त चादर.