चार भाषांचा मेंदू आणि विसरण्याचा आजार

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेकडे काळ्या मातीची सपाटी संपते आणि सातपुड्याचा चढ सुरू होतो. अंबाबरवा अभयारण्याच्या अंगाने वसलेली येथील आदिवासी गावे आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातील सोनबर्डी, कुवरदेव यांसारख्या वस्त्या भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना चांगल्या परिचयाच्या आहेत. निहाल समाजाची निहाली ही भाषा याच टापूत बोलली जाते. आर्य, द्राविडी, मुंडा अशा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात ती बसत नाही. ग्रियर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या भाषासर्वेक्षणात तिची दखल घेतली, डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनी अलीकडच्या काळात तिच्या दस्तऐवजीकरणाचे काम केले. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे.

या भाषेचा बराचसा शब्दसंग्रह उसना आहे. दोनाला 'इरार', चाराला 'नालो' हे शब्द द्राविडी वळणाचे, तर पाचापासून पुढची मोजणी शेजारच्या आर्य भाषांतून आलेली. कोरकूतून घेतलेल्या शब्दांची संख्या सर्वांत मोठी. सुमारे एक चतुर्थांश शब्दांचे मूळ मात्र कोठेच सापडत नाही. इतकी सरमिसळ होण्याचे कारण उघड आहे. निहाली बोलणारा माणूस केवळ निहाली बोलून जगू शकत नाही. घरात निहाली, शेजारपाजारी कोरकू, बाजारात वऱ्हाडी मराठी आणि सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरकडील लोकांशी हिंदी, असा त्याचा दिनक्रम असतो. यांपैकी एकही भाषा शाळेत शिकलेली असेलच असे नाही.

भाषा टिकेल की नाही, ही भाषाशास्त्रज्ञांची चिंता आहे. मेंदूविज्ञानाला मात्र याच वस्तुस्थितीत एक निराळा प्रश्न दिसतो. जन्मभर दोन-तीन भाषांत वावरलेला मेंदू म्हातारपणी स्मृतिभ्रंशाला अधिक काळ तोंड देऊ शकतो काय?

प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी या आजाराची चाल थोडी समजून घेतली पाहिजे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या विकाराचे वर्णन केले, त्यात मेंदूत दोन प्रथिने साचतात. अमिलॉइड पेशींच्या बाहेर, तर टाऊ पेशींच्या आत. टाऊचा प्रादुर्भाव सामान्यतः कानशिलाच्या आतल्या बाजूस, हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर सुरू होतो. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम याच भागाचे असल्याने रुग्णाला चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न आठवते, सकाळचे जेवण आठवत नाही.

तथापि, आजार एका जागी बसून राहत नाही. मेंदूचे दूरदूरचे भाग परस्परांशी जोडलेले असून ते एकत्रितपणे काम करतात. गेल्या पंचवीस वर्षांत अशा जाळ्यांचे चित्रण शक्य झाले आणि विल्यम सीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की मेंदूचा ऱ्हास घडवणारे वेगवेगळे विकार वेगवेगळ्या जाळ्यांच्या वाटेने पसरतात. अल्झायमर प्रामुख्याने आठवणींशी आणि आत्मचिंतनाशी निगडित जाळे पोखरतो. काही विकारांत भाषेचेच जाळे आधी विरते. शिकागोचे मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली अशा सहा रुग्णांची नोंद केली होती. त्यांची स्मृती बऱ्यापैकी शाबूत होती, पण शब्द हळूहळू निसटत होते.

आता बहुभाषिकतेकडे वळू. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत बोलताना एकच भाषा जागी आणि दुसरी झोपलेली असते, असे नाही. दोन्ही जाग्या असतात आणि नको असलेलीला सतत दाबून ठेवावे लागते. कपाळामागील भाग आणि मेंदूच्या खोलातील काही केंद्रे मिळून हे नियंत्रण करतात. दिवसातून शेकडो वेळा होणाऱ्या या कसरतीमुळे नियंत्रणाचे जाळे बळकट होते आणि पुढे स्मृतीचे जाळे ढासळू लागले, तरी त्याचा भार काही काळ पेलला जातो, असा तर्क आहे. संशोधक याला 'बौद्धिक राखीव साठा' म्हणतात. घरातील धान्याच्या कणगीसारखी ही कल्पना आहे. दुष्काळ टळत नाही, पण उपासमार उशिरा सुरू होते.

टोरांटोच्या एलन बायलस्टॉक यांनी २००७ साली १८४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा द्विभाषिकांत आजाराची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसल्याचे आढळले. त्यावर लगेच आक्षेप आला. कॅनडातील द्विभाषिक बहुतांशी स्थलांतरित. देश सोडून परक्या मुलखात पाय रोवणारी माणसे मुळातच धडधाकट असण्याची शक्यता अधिक. मग श्रेय भाषेचे की स्थलांतराचे? पाश्चात्त्य देशांत शिक्षण आणि बहुभाषिकता यांचीही अशीच गुंतागुंत असते, कारण तेथे दुसरी भाषा बहुधा शाळेत शिकली जाते.

ही गाठ सोडवण्यासाठी भारतासारखा देश नाही. हैदराबादच्या निझाम्स वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३९१ रुग्ण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. तेलुगू, दखनी व हिंदी त्या शहरात पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत आल्याने येथे स्थलांतराचा प्रश्न नव्हता. निष्कर्ष असा, की द्विभाषिकांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली. शिक्षण, व्यवसाय, स्त्री-पुरुष, शहर-खेडे हे भेद हिशेबात घेऊनही फरक टिकून राहिला. याहून लक्षवेधी बाब म्हणजे, कधीही शाळेत न गेलेल्या रुग्णांतही तो दिसला आणि तेथे तो सुमारे सहा वर्षांचा होता. पाटी-पेन्सिल हाती न धरताही मेंदूला ही शिदोरी मिळू शकते, असे सुचवणारा हा पुरावा आहे. मात्र, दोनापेक्षा अधिक भाषा येण्याचा जादा लाभ या अभ्यासात आढळला नाही. चार भाषांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

इटलीतील डॅनिएला पेरानी यांच्या २०१७ सालच्या अभ्यासाने या चित्रात भर घातली. जर्मन व इटालियन अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या अल्झायमर रुग्णांच्या मेंदूचे चित्रण केले असता, त्यांचा मेंदू एकभाषिक रुग्णांपेक्षा अधिक बिघडलेला दिसला. तरीही स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी सरस होती. त्यांच्या नियंत्रणाच्या जाळ्यातील दुवे अधिक घट्ट होते.

असे असले, तरी प्रश्न निकाली निघालेला नाही. दवाखान्यात आलेल्यांच्या नोंदी तपासणे वेगळे आणि निरोगी वृद्धांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे वेगळे. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या हजाराहून अधिक वृद्धांचा असा पाठपुरावा झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इंग्रजी येण्याने स्मृतिभ्रंश टळत असल्याचे दिसले नाही. तेव्हा बहुभाषिकता हे औषध आहे, असे जाहिरातीच्या थाटात सांगणे सध्या तरी अशास्त्रीय ठरेल. भारतातून आलेला पुरावा वजनदार आहे. तो गावपातळीवर, निरोगी माणसांपासून सुरुवात करून पडताळला जायला हवा, इतके म्हणता येते.

आणि येथेच संग्रामपूरच्या डोंगराळ पट्ट्यासारख्या भागांची अडचण उभी राहते. देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ साली मांडण्यात आला. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळले. पण आजार आहे की नाही हे ठरते चाचणीने आणि चाचणी असते भाषेत. जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत तारीख विचारतात, वाक्य लिहायला सांगतात. ज्याने कॅलेंडर कधी वापरले नाही, त्याचे गुण येथे आजाराविनाच कापले जातात. हरियाणातील बल्लभगड येथे नव्वदच्या दशकात निरक्षरांसाठी तिचे हिंदी रूप घडवले गेले, तेव्हा वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगा, असा बदल करण्यात आला. बदल लहान, पण त्यामागची दृष्टी मोठी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे स्वतःचा चाचणीसंच तयार केला. त्याची सुरुवात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत झाली. कोरकू वा निहाली त्यांत असण्याची अपेक्षाच नव्हती.

बहुभाषिक रुग्णाच्या बाबतीत अशा कागदी चाचणीतून एक लक्षण हमखास सुटते. स्मृतिभ्रंश झालेला द्विभाषिक कधी कधी अचूक बोलतो, पण चुकीच्या माणसाशी चुकीच्या भाषेत. समोरच्याला कोणती भाषा कळते, हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. उशिरा शिकलेली भाषा आधी जाते, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा तसे घडतेही, परंतु ज्या भाषेचा वापर रोजचा, ती अधिक तग धरते, असेही आढळते. वऱ्हाडी दुकानदाराशी एखादी आजी एकाएकी निहालीत बोलू लागली, तर दुकानदाराला ती बरळते आहे असे वाटेल. ती बरळत नाही, हे सांगायला निहाली समजणारा माणूस हवा. पण ती वारंवार असे करू लागली, तर काहीतरी बिघडले आहे, हेही त्याच माणसाला आधी कळेल.

त्यामुळे अशा रुग्णाच्या तपासणीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न रुग्णाला नव्हे, तर सोबत आलेल्या नातेवाइकाला विचारणे इष्ट. घरात कोणाशी कोणती भाषा बोलली जाते आणि त्यात गेल्या वर्षभरात काही बदल झाला आहे काय? बहुधा सोबत येतो तो नातू. निहाल समाजातील तरुण पिढी कोरकू, मराठी व हिंदीकडे सरकत असल्याचे अभ्यासक सांगतात. आजीचे निहाली त्या नातवाला पूर्णपणे कळत नसेल, तर तिचा कोणता शब्द हरवला आणि कोणता त्याला मुळातच ठाऊक नव्हता, हे डॉक्टरांना सांगू शकेल असे तेथे कोणीही नसेल.