चमचाभर साखरेची रिफायनरी

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी दर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर अख्ख्या रक्तातली साखर भरते अवघी ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर जाळतो, म्हणजे रक्तातला सगळा साठा त्याच्या एका तासाच्या खर्चाइतका.

आता ताटाकडे बघा. दोन पोळ्या, वाटीभर भात आणि वरण एवढ्यातून सत्तर-ऐंशी ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, रक्तातल्या साखरेच्या पंधरापट. तरीही दोन तासांनी निरोगी माणसाची शुगर १४०च्या आत आलेली असते. ही किमया स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या सुमारे १०० कोटी बीटा पेशींची, आणि त्या सगळ्यांचं मिळून वजन एखाद-दोन ग्रॅम.

टाइप १ मधुमेहात याच पेशी नष्ट होतात. मग शुगर ७० ते १८०च्या पट्ट्यात, म्हणजे साडेतीन ते नऊ ग्रॅमच्या दरम्यान, राखायची जबाबदारी रुग्णावर येते. रुग्ण लहान असेल तर आईवडिलांवर. ५४च्या खाली, म्हणजे पावणेतीन ग्रॅमच्या खाली गेली, तर झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. रात्री तीनचा गजर लावून झोपलेल्या पोराच्या बोटाला सुई टोचणारी आई हाच पट्टा सांभाळत असते.

केमिकल इंजिनिअरला हा प्रश्न ओळखीचा आहे. एक आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा. बाहेरून अवचित धक्के बसणार. आणि व्हॉल्व्ह फिरवला तरी परिणाम उशिरा दिसणार. रिफायनरीतला माणूस रोज याच्याशीच झुंजतो. शरीरात हा उशीर फार त्रास देतो. अंगावर लावलेला सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते. त्वचेखाली सोडलेल्या इन्सुलिनचा जोर तासा-दीड तासाने शिगेला पोचतो आणि अंमल तीन ते पाच तास राहतो.

समजा, एक वाजता जेवण झालं आणि दीड वाजता शुगर २००वर गेली. घाबरून इन्सुलिन दिलं. दोन वाजताही २१०च, म्हणून आणखी दिलं. तीननंतर दोन्ही डोस एकत्र अंगावर येतात आणि शुगर कोसळते. कारखान्यात एक व्हॉल्व्ह जास्त उघडला तर बंद करता येतो. अंगात गेलेलं इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही.

यावरचा उपाय ह्यूस्टनच्या तेलधंद्यातून आला. १९७०च्या दशकात शेल ऑइल कंपनीत चार्ल्स कटलर आणि ब्रायन रॅमेकर यांनी रिफायनरीसाठी एक पद्धत उभी केली, तिचं कुळ आज मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणून ओळखलं जातं. प्रक्रियेचं गणिती मॉडेल संगणकात ठेवायचं. आत्ता अमुक केलं तर पुढे काय होईल, हे अनेक पर्यायांसाठी काढायचं. सगळ्यांत चांगल्या योजनेतलं फक्त पहिलं पाऊल टाकायचं, बाकीची योजना फेकून द्यायची आणि नवं मोजमाप आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

फ्रँक डॉईल यांच्यासारख्या केमिकल इंजिनिअरांनी हेच गणित मधुमेहाकडे वळवलं. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, दिवसाला २८८. प्रत्येक वेळी पुढच्या तीन तासांचा अंदाज पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी काढला, तर दिवसाला १०,३६८ अंदाज होतात आणि वर्षाला जवळजवळ ३८ लाख. कोणत्याही आईने कितीही जीव टाकला, तरी हे हातून होण्यासारखं नाही.

आणि या हिशेबातून हलतं किती? इन्सुलिन पंपाचा एक बारीक ठोका ०.०५ युनिटचा. १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट, म्हणजे हा ठोका अर्ध्या मायक्रोलिटरचा, थेंबाचा शंभरावा भाग. तेवढ्यातही इन्सुलिनचे सुमारे १८० लाख कोटी रेणू असतात. दुसरीकडे, दिवसाला एक लाख बॅरल तेल शुद्ध करणाऱ्या रिफायनरीतून पाच मिनिटांत सुमारे ५५,००० लिटर वाहतं. दोन्हींत फरक ११,००० कोटी पटींचा. तत्त्व मात्र एकच, कारण या गणिताला आकाराशी देणंघेणं नाही. त्याला उशीर आणि मर्यादा तेवढ्या कळतात.

अवघड आहे ते मॉडेल. एकाला दिवसाला १० युनिट पुरतात, दुसऱ्याला १०० लागतात. ताप आला, धावपळ झाली की त्याच माणसाचं गणित बदलतं. म्हणून व्हर्जिनिया आणि पादुआ विद्यापीठांतल्या संशोधकांनी संगणकात ३०० आभासी रुग्ण तयार केले: १०० प्रौढ, १०० किशोरवयीन, १०० मुलं. २००८मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने या आभासी रुग्णांवरच्या चाचण्या प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी चालतील, असं मान्य केलं.

जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याच १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाचं सुकाणू आपोआप सांभाळण्याचं गणित मांडलं. पुढे पीआयडी नावाने ते जगभरच्या कारखान्यांत पोचलं. हे दोन धागे एका मंजूर यंत्रात एकत्र यायला ९४ वर्षं लागली: सप्टेंबर २०१६मध्ये एफडीएने मेडट्रॉनिकच्या ६७०जी या इन्सुलिन पंपाला मान्यता दिली, आणि त्याचा गाभा पीआयडीच होता. जानेवारी २०२२मध्ये आलेला ऑम्निपॉड ५ हा पंप पुढचा अंदाज बांधणारं मॉडेल वापरतो.

ही यंत्रं अजून अर्धीच स्वयंचलित आहेत. जेवण्याआधी किती कर्बोदकं खाणार, हे माणसाला सांगावंच लागतं. इन्सुलिन आणखी चपळ झालं तर तेही सुटू शकेल. किमतीचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. हिशेब करणारी चिप आता स्वस्त झाली आहे. महाग पडतात ते पंप आणि काही दिवसांनी बदलावे लागणारे सेन्सर. केमिकल इंजिनिअरिंगने आजवर अनेक महाग गोष्टी मोठ्या प्रमाणावर बनवून स्वस्त केल्या. इथेही तेच करून दाखवणं हे या विद्येचं पुढचं काम आहे, आणि ते होईपर्यंत हे यश अर्धंच मानायला हवं.