नोंदवहीतून नाव वगळण्याचा अधिकार : डॉ. हदीझा बावा-गार्बा प्रकरणाचा विचार

ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल ही संस्था अस्तित्वात आली. वैद्यकीय व्यावसायिकांची अधिकृत नोंदवही ठेवणे आणि अपात्र ठरलेल्यांची नावे तीतून वगळणे हे तिचे मूळ कार्य. मुंबई इलाख्यातील १९१२ चा वैद्यक कायदा याच धर्तीवर झाला. त्यामुळे हा अधिकार कसा वापरला जातो, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकालाही परका नाही. नाव वगळणे ही शिक्षा नसून रुग्णांच्या संरक्षणाचा आणि व्यवसायावरील लोकविश्वास टिकविण्याचा तो उपाय आहे, असे तत्त्व सांगितले जाते. व्यवहारात ही सीमारेषा किती पुसट होते, ते डॉ. हदीझा बावा-गार्बा यांच्या प्रकरणातून दिसून येते.

१८ फेब्रुवारी २०११ रोजी लेस्टर रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा उलट्या, जुलाब आणि श्वसनाचा त्रास यांमुळे दाखल झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता व हृदयविकारही होता. बालरोग विभागात प्रशिक्षणार्थी असलेल्या डॉ. बावा-गार्बा वर्षाहून अधिक काळाच्या प्रसूतिरजेनंतर नुकत्याच कामावर परतल्या होत्या. त्या दिवशी सहकाऱ्यांच्या अनुपस्थितीमुळे एकापेक्षा अधिक विभागांचा भार त्यांच्यावर होता. जबाबदार वरिष्ठ तज्ज्ञ अध्यापनासाठी बाहेरगावी होते आणि सायंकाळी साडेचारच्या सुमारास रुग्णालयात पोहोचले. संगणक यंत्रणा बंद पडल्याने रक्ततपासणीचे निष्कर्ष दूरध्वनीवरून मिळवावे लागत होते.

मुलाला जंतुसंसर्गजन्य सेप्सिस झाला होता. आरंभीच्या तपासणीत रक्तातील आम्लता व लॅक्टेट यांचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर होते. तरीही निदान पोटाच्या विकाराकडे झुकले, क्ष-किरण चित्र उशिरा पाहिले गेले आणि प्रतिजैविक दुपारी चारच्या सुमारास सुरू झाले. हृदयविकारासाठी नेहमी दिले जाणारे एनालाप्रिल हे औषध डॉक्टरांनी तक्त्यावर लिहिले नव्हते, पण ते देऊ नये असेही स्पष्टपणे सांगितले गेले नाही; सायंकाळी ते देण्यात आले. त्यानंतर मुलाची प्रकृती ढासळली. दुसऱ्या रुग्णाशी गल्लत झाल्याने पुनरुज्जीवनाचे प्रयत्न क्षणभर थांबविले गेले. त्यामुळे परिणाम बदलला नाही, हे खटल्यात मान्य झाले. रात्री मुलाचा मृत्यू झाला.

चुका झाल्या होत्या आणि त्या गंभीर होत्या, याबद्दल दुमत नाही. रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशीने मात्र व्यवस्थेतील अनेक त्रुटी नोंदवून मृत्यूचे एकच मूळ कारण सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. डॉ. बावा-गार्बा त्यानंतर जवळपास पाच वर्षे काम करीत राहिल्या व त्यांच्या कामाविषयी अन्य तक्रार आली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉटिंगहॅम येथील न्यायालयात ज्यूरीने त्यांना घोर निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. दोन वर्षांची कारावासाची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवण्यात आली.

यानंतर प्रश्न आला तो नोंदणीचा. कौन्सिलशी संलग्न, परंतु निर्णयात स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाने जून २०१७ मध्ये त्यांना बारा महिन्यांसाठी निलंबित केले. त्यात रुग्णालयातील परिस्थिती, आधीची व नंतरची सेवा आणि चुकीतून घेतलेला बोध यांचा विचार झाला. कौन्सिलला ही कारवाई अपुरी वाटली. २०१५ पासून आपल्याच न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार तिला मिळाला होता. त्याचा वापर करून तिने उच्च न्यायालयाकडून २५ जानेवारी २०१८ रोजी नाव वगळण्याचा आदेश मिळविला. न्यायाधिकरणाने व्यवस्थेतील दोष विचारात घेऊन ज्यूरीच्या निवाड्याचे गांभीर्य कमी केले, असा या आदेशामागील तर्क होता.

हा तर्कच सदोष होता. ज्यूरीसमोर प्रश्न होता तो एका विशिष्ट दिवशीचे वर्तन गुन्हा ठरते काय, हा. न्यायाधिकरणाला मात्र ही व्यक्ती पुढे रुग्णसेवा करण्यास योग्य आहे काय, आणि लोकविश्वासासाठी किती कठोर उपाय आवश्यक आहे, हे ठरवायचे होते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप निघत नाही. १३ ऑगस्ट २०१८ रोजी अपील न्यायालयाने नेमके हेच सांगितले : अशा दोषसिद्धीनंतर नाव वगळलेच पाहिजे असे गृहीतक नाही, आणि सर्व पुरावा ऐकून न्यायाधिकरणाने केलेले मूल्यमापन वरिष्ठ न्यायालयाने सहज बदलू नये. निलंबन पुन्हा लागू झाले. दोषसिद्धी मात्र कायम राहिली. तीविरुद्ध अपिलाची परवानगी २०१६ मध्येच नाकारण्यात आली होती.

या खटल्यासाठी डॉक्टरांनी तीन लाख पौंडांहून अधिक वर्गणी जमविली. त्यामागे एका सहकाऱ्याविषयीच्या सहानुभूतीइतकीच स्वतःविषयीची भीतीही होती. प्रशिक्षणार्थी डॉक्टर आपल्या चुकांवर चिंतन लिहून ठेवतात. ते लेखन न्यायालयात त्यांच्याविरुद्ध वापरले गेले, अशी समजूत पसरली. ते ज्यूरीपुढे ठेवले गेले नव्हते, हे पुढे स्पष्ट झाले. पण तोवर अनेकांचा हात आखडला होता. चूक प्रामाणिकपणे लिहिणे हीच ज्या शिक्षणाची पद्धत आहे, तेथे हा परिणाम एका निकालापुरता राहत नाही.

दुसरा प्रश्न वंशाचा. डॉ. बावा-गार्बा नायजेरियन वंशाच्या. २०१९ मध्ये कौन्सिलनेच करवून घेतलेल्या अभ्यासात, नियोक्त्यांकडून कौन्सिलकडे तक्रार जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य वंशांच्या डॉक्टरांबाबत गौरवर्णीयांच्या दुपटीहून अधिक आढळले. ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना या अपिलात हस्तक्षेपक म्हणून उभी राहिली, ती याच पार्श्वभूमीवर.

जून २०१८ मध्ये सर नॉर्मन विल्यम्स यांच्या समितीने कौन्सिलचा अपिलाचा अधिकार काढून घ्यावा व डॉक्टरांकडून चिंतनात्मक लेखन मागू नये, अशा शिफारशी केल्या. अपिलाविषयीची शिफारस शासनाने मान्य केली. कायद्यातील तरतूद मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे कायम राहिली. एप्रिल २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने डॉ. बावा-गार्बा यांना निर्बंधांसह कामावर परतण्याची मुभा दिली. मुलाच्या आईवडिलांना हा निर्णय मान्य नव्हता. त्या दिवशी रुग्णालयात कोणत्या व्यवस्था कोणामुळे कोलमडल्या, याबद्दल अन्य कोणा डॉक्टरची नोंदणी रद्द झाली नाही.