व्यवहारातील इंग्रजी : भाव वाढले की वाढवले?

पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. त्याच नावाची रमणबागेतील शाळा आजही शनिवार पेठेत भरते. जवळच्या अप्पा बळवंत चौकात इंग्रजी व्याकरणाची हवी तेवढी पुस्तके मिळतात. तरीही मालाबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांचा हात अडखळतो. आमच्या मते, अडचण शब्दांपेक्षा क्रियापदांची अधिक आहे.

‘भाव वाढले’ आणि ‘आम्ही भाव वाढवले’ यांतील फरक मराठी माणूस कधीच चुकत नाही. पहिले क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘राइज’ आहे, दुसऱ्यासाठी ‘रेज’. बाजारच चढला असेल तर ‘प्राइसेस हॅव रिझन’ लिहावे. ‘वुई हॅव रेज्ड प्राइसेस’ लिहिले की वाढीची जबाबदारी आपण स्वतःवर घेतली, असाच अर्थ गिऱ्हाईक काढील.

मराठीत ‘पडणे’चे ‘पाडणे’ होते. इंग्रजीत पुष्कळदा रूप बदलत नाही. दुकान उघडते आणि आपण दुकान उघडतो, दोन्हीकडे ‘ओपन’च. म्हणून क्रियापदापुढे कर्म येते का, हे पाहावे. ‘डिस्कस’पुढे कर्म थेट येते, ‘डिस्कस द रेट’. तेथे ‘अबाउट’ घालणे चूक. ‘वेट’ला मात्र ‘फॉर’ हवे, ‘वेट फॉर द पेमेंट’.

आपल्याकडे ‘उसने’ हा शब्द एकच. देणे की घेणे, ते पुढचे क्रियापद सांगते. इंग्रजीत ‘लेंड’ म्हणजे उसने देणे, ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. पत्रात अदलाबदल झाली तर धनकोचा ऋणको होतो!

काही शब्द कानाला सारखेच लागतात. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी पी-ए-एल असेल तर मुद्दल, पी-एल-ई असेल तर तत्त्व. ‘स्टेशनरी’च्या शेवटी ई-आर-वाय म्हणजे कागद-पेन, ए-आर-वाय म्हणजे जागचे न हलणारे. संगणक स्पेलिंग तपासतो खरा, पण दोन्ही शब्द कोशात असल्याने अशी चूक त्याच्या नजरेतून सुटू शकते.

यावर उपाय सोपा आहे. एक वही करावी आणि रोज दोन क्रियापदे घ्यावीत. नुसता अर्थ न लिहिता आपल्याच धंद्यातील एक पूर्ण वाक्य लिहावे व कर्माखाली रेघ मारावी. पुढच्या पत्राच्या वेळी हीच वाक्ये कामी येतील.