धुराडं पाडणारा छंद

न्यू जर्सीत एका शेतावर तीन मजली जुनं घर होतं. वरच्या मजल्यावर दोन भाऊ रेडिओचे ट्रान्समीटर जोडत बसायचे आणि छपरावर मोठमोठे फिरते अँटेना चढवायचे. एकदा या खटाटोपात घराचं विटांचं धुराडंच छपरालगत कापल्यासारखं उडालं. आईवडील हवालदिल झाले. त्या दोघांपैकी एक जोसेफ टेलर. १९९३ साली त्यांना रसेल हल्स यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या दोघांनी १९७४ मध्ये एका जोडीदाराभोवती गरगरणारा पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदनं धाडणारा तारा, शोधला होता. त्या जोडीची कक्षा हळूहळू आक्रसते आहे आणि निसटणारी ऊर्जा गुरुत्वीय लहरींच्या वाटेनं जाते आहे, हे पुढच्या मोजमापांतून दिसलं.

अवकाशातून येणारी इतकी क्षीण स्पंदनं गोंगाटातून वेचून काढणारा हा माणूस मूळचा ‘हॅम’, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर बिनतारी संपर्क करणारा. असे हॅम विज्ञानाच्या इतिहासात आणखीही भेटतात. ग्रोट रीबर हाही हॅमच. १९३७ मध्ये त्यानं इलिनॉयमधल्या आपल्या घराच्या आवारात नऊ मीटरहून मोठी तबकडी उभारली आणि आकाश ऐकायला सुरुवात केली. आज नारायणगावजवळ खोडदला ज्या रेडिओ खगोलशास्त्रासाठी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, ते शास्त्र पुढची काही वर्षं जवळजवळ तो एकटाच करत होता.

पंधरा सेकंदांची पाळी

नोबेल मिळालं म्हणून टेलर यांची हौस सुटली नाही. २०१७ मध्ये त्यांनी स्टीव्ह फ्रँक या दुसऱ्या हॅमबरोबर ‘एफटी८’ नावाची संदेशपद्धती आणली आणि जगभरच्या हौशी रेडिओचा चेहरा बदलला.

एफटी८ चालू असताना खोलीत फारसं काही घडत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर निळ्या पाण्यातून उतरल्यासारख्या पिवळ्या रेघा खाली सरकत असतात. रेडिओतून कुणीतरी बासरी शिकत असल्यासारखे सूर येतात. मिनिटाचे चार भाग पाडलेले: पंधरा सेकंद तुम्ही सांगायचं, पंधरा सेकंद ऐकायचं. संगणकाचं घड्याळ एक-दोन सेकंदांहून जास्त चुकलं, तर सगळं मुसळ केरात. एका पाळीत आठ सुरांच्या मदतीनं फक्त ७७ बिट जातात. त्यात मावतं काय? दोघांच्या कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची नावं, आणि चार अक्षरांचा पत्ता. हा पत्ता पृथ्वीच्या नकाशावर आखलेल्या चौकोनांचा असतो. पुणे ‘एमके६८’, मुंबई ‘एमके६९’, पणजी ‘एमके६५’, नागपूर ‘एमएल९१’.

माणसाच्या आवाजाला रेडिओवर जेवढी जागा लागते, तेवढ्यात असे पन्नासेक संदेश शेजारी शेजारी बसतात. तेवढ्या पट्ट्यातला गोंगाट संदेशाच्या शंभरपटींहून जास्त असला, तरी संगणक संदेश उलगडतो. कानाला तिथं नुसती खरखर ऐकू येते. त्यामुळे पाच वॉट, म्हणजे एका लहानशा एलईडी दिव्याइतकी शक्ती आणि गच्चीवर ताणलेली तार एवढ्या भांडवलावर दुसऱ्या खंडातला माणूस गाठता येतो. उंच मनोरा आणि महागडं यंत्र नाही म्हणून हिरमुसणाऱ्या, सोसायटीत राहणाऱ्या हॅमला याहून मोठा दिलासा कोणता?

सूर्य काय म्हणतो?

मोबाइल असताना हे कशाला, असा प्रश्न प्रत्येक हॅमला घरातूनच विचारला जातो. मोबाइलवरून आपण न्यूझीलंडला बोलतो, तेव्हा रेडिओलहरींचा प्रवास जवळच्या टॉवरपर्यंतच होतो. पुढचं ओझं वाहतात ते जमिनीखालचे आणि समुद्रतळावरचे काचतंतू. शॉर्टवेव्हवरच्या हॅमच्या संदेशाला मात्र आकाशाखेरीज कुणाचा आधार नसतो. फोन लागला नाही की आपण कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. हॅमचा संपर्क तुटला की तो सूर्याची बातमी काढतो.

ज्यांनी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकलं आहे, त्यांना हे विज्ञान कानांनी ठाऊक आहे. गाणं ऐन रंगात यायचं आणि आवाज लाटेसारखा ओसरायचा, पुन्हा भरून यायचा. जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. हेच आयनांबर. त्यातला २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा ‘एफ’ थर शॉर्टवेव्हला वळवून पुन्हा जमिनीकडे धाडतो. एका उडीत तीन-साडेतीन हजार किलोमीटर सहज. सर्वांत खालचा ‘डी’ थर मात्र दिवसा कमी वारंवारितेच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, म्हणूनच रात्री मीडियम वेव्हवर कुठली कुठली दूरची केंद्रं लागायची.

सूर्य जितका तापट, तितका एफ थर दाट आणि तितक्या वरच्या वारंवारितेच्या लहरी तो परतवतो. सूर्याच्या या चढउताराचं चक्र साधारण ११ वर्षांचं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि सूर्य आपल्या कमाल काळात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं. चांगली गोष्ट अशी, की सूर्य चढतो भराभर आणि उतरतो सावकाश. शांत काळात वर्षानुवर्षं मुका राहणारा दहा मीटरचा पट्टा या दिवसांत भरदुपारी बोलका होतो, तोही थोडक्या वॉटमध्ये.

तापट सूर्य कधी डोक्यातही जातो. मोठी सौरज्वाला उठली की तिची क्ष-किरणं आठ मिनिटांत इथं पोचतात, डी थर एकदम दाट होतो आणि पृथ्वीच्या उजेडातल्या अर्ध्या भागावर शॉर्टवेव्ह गप्प होते. मे २०२४ मधलं चुंबकीय वादळ २००३ नंतरचं सर्वांत तीव्र गणलं गेलं. लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तेव्हा तांबडा प्रकाश दिसला. अशा वादळांशी आपली ओळख जुनी आहे. सप्टेंबर १८५९ मधल्या महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं टिपली होती. जगातल्या फार थोड्या ठिकाणी ती झाली, त्यामुळे अभ्यासक आजही तिच्याकडे वळतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांचा चुंबकमापनाला त्रास होणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं गेलं.

मेलेला उपग्रह उठला

हॅम मंडळींचा पहिला उपग्रह ‘ऑस्कर-१’ १२ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे स्पुटनिकनंतर जेमतेम चार वर्षांनी वर गेला. तो मोर्समध्ये एकच शब्द घोकत राहायचा: ‘हाय’. याच कुळातला ‘ऑस्कर-७’ नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडला. १९८१ मध्ये त्याच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि सगळ्यांनी त्याला निरोप दिला. २१ वर्षांनी, जून २००२ मध्ये, त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. आत अडकून बसलेलं बॅटरीचं शॉर्ट सर्किट केव्हातरी तुटलं होतं आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रांकडे वाहू लागली होती. तेव्हापासून हा म्हातारा उन्हात आला की जागा होतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की झोपतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यानं पन्नाशी गाठली.

आपला ‘हॅमसॅट’ इस्रोनं ५ मे २००५ रोजी पीएसएलव्हीतून सोडला. जेमतेम ४२ किलोंचा हा उपग्रह २०१४ पर्यंत जगभरच्या हॅमच्या कामी आला. आणि ४ जुलै २०२५ रोजी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून हॅम रेडिओवरच बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले.

हे स्थानक आपल्या डोक्यावरूनही जातं. ते ऐकायचं असेल तर ओळखीच्या परवानाधारक हॅमच्या गच्चीवर जा. त्याच्या हातात बहुधा एक विचित्र वस्तू दिसेल: पीव्हीसी पाइपवर आडवे बसवलेले, सुताराच्या मेझर टेपचे साधारण मीटरभर लांबीचे पिवळे तुकडे. हा अँटेना. जिन्याच्या दारातून नेताना पट्ट्या दुमडतात आणि बाहेर येताच खटकन सरळ होतात. दोन मीटरच्या लहरीला अर्ध्या लांबीची पट्टी लागते, म्हणून तो मीटर. स्थानक क्षितिजावर आलं की १४५.८ मेगाहर्ट्झवर कान द्यायचा. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी जशी चढी वाटते, तशी इथं वारंवारिता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झनं चढलेली मिळते. स्थानक डोक्यावरून पुढे गेलं की तेवढीच उतरते. डॉप्लरचं सूत्र पुस्तकात सगळेच वाचतात, इथं ते बटण फिरवत पकडावं लागतं. दहा मिनिटांत खेळ संपतो आणि दीड तासानं पुढची फेरी सुरू होते.

हौसेचं मोल

हा छंद अडीअडचणीत किती उपयोगी पडतो, ते डिसेंबर २००४ मध्ये दिसलं. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानात अशी परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. २६ तारखेच्या सकाळी जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली, फोन बंद पडले. जगाशी गप्पा मारायला मांडलेला सेट आप्तांची खुशाली कळवू लागला. पश्चिम बंगालमधले हॅम गंगासागरच्या यात्रेत चुकलेल्यांना घरी पोचवतात. तिथं तर यंत्रापेक्षा चिकाटीच जास्त लागते.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा शॉर्टवेव्ह रिसीव्हर घरबसल्या संगणकावरून फिरवता येतो. आधी महिनाभर नुसतं ऐका. दिवसा कोणता पट्टा जागा असतो, रात्री कोणता, याची वही ठेवा. बोलायचं असेल तर मात्र परवाना हवाच. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम, एवढाच अभ्यास. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं. तारखात्याची कडकट्ट २०१३ मध्ये थांबली, पण ही लिपी हॅमच्या बोटांत शाबूत आहे. उत्तीर्ण झालात की ‘व्हीयू’नं सुरू होणारी कॉल साइन मिळते. जगात ती दुसऱ्या कुणाची नसते.

मुलानं गच्चीवर तार ताणायची परवानगी मागितली, तर द्या. आपल्याकडे पाडायला धुराडी नाहीत. पाण्याच्या टाकीवर तेवढं लक्ष ठेवा.